टोपलीभर माती
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी जपानला जाऊन आले हे कळल्यापासून आपल्या चिटणीसबाई माझ्या मागे लागल्या होत्या, "यंदाच्या वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे." मी पुष्कळ टाळाटाळ केली. एक तर मला भाषणाची सवय नाही, आणि दुसरे म्हणजे तीन आठवडे एखाद्या देशात राहून आलेल्या बाईने त्या देशाविषयी बोलावे तरी काय? पण त्यांनी माझे ऐकले नाही. तेव्हा मी मनाशी ठरवले की सगळा जपान सांगायच्या भानगडीत पडायचे नाही. टोकियोची गर्दी, बाणासारखी धावणारी आगगाडी, चेरीचा बहर हे तुम्ही सर्वांनी चित्रांतून पाहिलेलेच आहे. मी फक्त एका लहानशा गावाची गोष्ट सांगणार आहे. गावाचे नाव हिरोगावा.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त ओसाकाला असतात. गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि मी त्यांच्याकडे गेले. एक दिवस लेक म्हणाली, "आई, तुला समुद्रकाठचे गाव दाखवते. तिथे पाच नोव्हेंबरला उत्सव असतो. त्सुनामीचा उत्सव." मला वाटले, मी ऐकण्यात चुकले. त्सुनामीचा का कुठे उत्सव करतात? आपल्याकडे पुराचा कोणी उत्सव करील का? पण ती म्हणाली, "चल तर खरी."

ओसाकाहून आगगाडीने दक्षिणेकडे निघाले की एका बाजूला डोंगर आणि मधूनमधून समुद्र, असा रस्ता आहे. डोंगरांच्या उतारांवर संत्र्यांच्या बागा. हा आरिदाचा मुलूख. इथली संत्री जपानभर प्रसिद्ध आहेत आणि नोव्हेंबर म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. झाडे नुसती पिवळीधमक झाली होती. आम्ही युआसा नावाच्या स्टेशनवर उतरलो. हिरोगावा त्याला अगदी लागून, चालत जाण्याइतके जवळ आहे.

हे युआसाही मोठे मौजेचे गाव आहे. सोया सॉस आता आपल्याही स्वयंपाकघरांत आला आहे, निदान मुलांच्या नूडल्सच्या निमित्ताने तरी. जपानात त्याचे माहेर म्हणजे हे युआसा, असे मानतात. तेराव्या शतकात काकुशिन नावाचे एक बौद्ध भिक्षू चीनमधून एक प्रकारचे मिसो करायची रीत शिकून आले. आपले मुरवलेले लोणचे म्हणा ना! धान्य, सोयाबीन, वांगी, आले असे सारे त्यात असते. ते मुरत असताना पिंपात जो रस सुटे, तो फारच चवदार लागतो हे लोकांच्या ध्यानात आले आणि त्यातून पुढे सोया सॉस निघाला, अशी परंपरा सांगतात. अजूनही तिथे जुन्या वाड्यांमधून लाकडी पिंपे दिसतात. सोयाबीन वाफवायचे, गहू भाजून भरडायचे, दोन्ही मिसळून त्यावर कोजी नावाची बुरशी चढू द्यायची आणि मग मिठाच्या पाण्यात घालून वर्ष-दीड वर्ष मुरवायचे. गल्लीतून जाताना सगळीकडे तोच खमंग वास. हे इतके सांगितले ते उगाच नव्हे. ज्या माणसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्या घरी या सोया सॉसचाच पिढीजात धंदा होता.

त्यांचे नाव हामागुची गोऱ्यो. घर हिरोगावाचे. त्या वेळी गावाला हिरो म्हणत. कारखाना मात्र दूर पूर्वेला, टोकियोच्याही पलीकडे चोशी या बंदरात होता. १६४५ साली त्यांच्या पूर्वजांनी तो सुरू केला आणि यामासा या नावाने तो अजून चालू आहे. गोऱ्यो हे घराण्याचे सातवे मालक. वर्षाचे काही महिने चोशीला आणि काही महिने गावी, असे त्यांचे राहणे असे.

१८५४ सालच्या डिसेंबरात ते गावी होते. वय चौतीस. २३ तारखेला मोठा भूकंप झाला. समुद्राचे लक्षण ठीक दिसेना, म्हणून गावकरी टेकडीवरच्या हाचिमान देवळात जाऊन राहिले. रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळे घरी परतले. जो तो म्हणाला, सुटलो. पण त्या दिवशी काही जणांनी येऊन सांगितले की विहिरींचे पाणी खाली गेले आहे. गोऱ्यो सावध झाले. दुपार उलटल्यावर आदल्या दिवसापेक्षाही मोठा धक्का बसला, आणि मागोमाग समुद्र गावात शिरला. गोऱ्यो लोकांना टेकडीकडे पिटाळत होते, तोच लाटेने त्यांनाही गाठले. कसेबसे ते उंचावर पोचले.

तोवर अंधार पडला. पुष्कळ माणसे अजून खाली होती. कोणी पाण्यात, कोणी मोडक्या घरांत अडकलेली, आणि देऊळ कोणत्या दिशेला हेच त्यांना दिसेना. गोऱ्यो काही तरुणांना घेऊन मशाली पेटवून खाली उतरले, पण वाटेत पडलेल्या तुळयांमुळे पुढे जाता येईना. शेतांत भाताच्या पेंढ्याच्या गंज्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या पेटवायला सांगितल्या. एकामागून एक दहा-बारा गंज्या भडकल्या. त्या उजेडाच्या रोखाने माणसे धडपडत वर आली. ती वर येऊन पोचतात न पोचतात तोच सर्वांत मोठी लाट आली आणि जळत्या गंज्या वाहून नेल्या. तेराशेच्या आसपास वस्तीच्या त्या गावात तीस-पस्तीस माणसे दगावली. बाकीची वाचली.

भगिनींनो, गंज्यांच्या उजेडाची ही गोष्ट पुढे जगभर गेली. लाफ्काडिओ हर्न म्हणून एक लेखक जपानात स्थायिक झाले होते. १८९६ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आली, त्यानंतर त्यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात ही कथा लिहिली. कथेत त्यांनी पुष्कळ बदल केले. चौतीस वर्षांच्या गोऱ्योंचे त्यांनी टेकडीवर राहणारे आजोबा केले, आणि पेंढ्याच्या जागी वर्षाचे कापलेले पीकच लाट येण्याआधी पेटवायला लावले. पुढे युआसाच्याच एका शिक्षकांनी, नाकाई त्सुनेझो यांनी, त्यावरून मुलांसाठी धडा लिहिला. १९३७ पासून १९४७ पर्यंत तो जपानच्या प्राथमिक शाळांच्या पुस्तकात होता.

इथे एक हृद्य हकीकत सांगते. १९०३ साली गोऱ्योंचे चिरंजीव लंडनला होते. तिथे त्यांचे एका सभेत व्याख्यान झाले. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांतील एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हर्न यांच्या पुस्तकातल्या त्या हामागुचींचा आणि आपला काही संबंध आहे काय? चिरंजिवांना इतके भरून आले की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा इतरांनीच बाईंना सांगितले की हे त्यांचेच पुत्र. सातासमुद्रापलीकडे एका अनोळखी बाईने आपल्या वडिलांचे नाव घ्यावे, यापरते भाग्य कोणते?

मीही गाडीत लेकीकडून ही कथा ऐकली तेव्हा गहिवरले. पण गावात पोचल्यावर पाहते तो काय, गावकऱ्यांना जास्त अभिमान आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. धडा जिथे संपतो, म्हणजे गावकरी उजेडात उभे राहून खालचा समुद्र पाहतात आणि आजोबांपुढे गुडघे टेकतात, तिथून पुढची गोष्ट त्यांना सांगायची असते.

पुढे काय झाले? माणसे वाचली, पण घरे गेली, होड्या गेल्या, शेतात वाळू शिरली. घरोघर एकच भाषा, "आता इथे राहण्यात अर्थ नाही." लोक गाव सोडू लागले. गोऱ्योंनी पहिल्या रात्री आजूबाजूच्या गावांतून तांदूळ मिळवून सर्वांच्या पोटाची सोय केली. मग पन्नास घरे बांधून दिली, शेतीची अवजारे दिली. पण त्यांच्या लक्षात आले की दुसऱ्याच्या दानावर गाव फार दिवस उभे राहत नाही. तेव्हा त्यांनी १८५५ साली समुद्राच्या कडेने मातीचा बांध घालायला काढला.

या कामाला त्यांनी बाहेरून मजूर आणले नाहीत. गावच्याच माणसांना बोलावले. पुरुष आले, बायका आल्या, मुलेही आली. जो माती वाहील त्याला रोजची मजुरी रोज चुकती. म्हणजे चूलही पेटे आणि बांधही चढे. शेतीचा हंगाम आला की काम थांबे, हंगाम सरला की पुन्हा सुरू. असे जवळजवळ चार वर्षे चालले. बांधाची लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर आणि पायाची रुंदी २० मीटर. हिशेब लिहून ठेवलेला आहे: एकूण ५६,७३६ माणसांची दिवसभराची मजुरी, आणि खर्च सुमारे साडेतीनशे किलो चांदीचा. हा पैसा मुख्यतः गोऱ्योंच्या सोया सॉसच्या धंद्यातला. समुद्राच्या बाजूला त्यांनी देवदाराच्या जातीची काळी पाइन झाडे लावली आणि गावाच्या बाजूला एक जातीची झाडे लावली, ज्यांच्या फळांपासून मेणबत्त्यांचे मेण निघते. म्हणजे सावलीची सावली आणि गावाला उत्पन्न!

बांध १८५८ साली पुरा झाला. गावकऱ्यांनी ठरवले की गोऱ्यो म्हणजे देवच, त्यांचे देऊळ बांधावे. त्यांनी साफ मना केली. ते पुढे नव्या सरकारात टपालखात्याचे प्रमुख झाले, आपल्या प्रांताच्या विधानसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १८५२ मध्येच त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गावात मुलांसाठी शाळा काढली होती. ती ताइक्यू या नावाने अजून चालते. ताइक्यू म्हणजे चिवटपणे टिकून राहणे. १८८५ साली परदेश पाहायला म्हणून गेले असताना न्यूयॉर्कला त्यांना मृत्यू आला. तोपर्यंत समुद्र पुन्हा उसळला नव्हता. आपला बांध कामास येतो की नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळालेच नाही.

ती परीक्षा व्हायला आणखी एकसष्ट वर्षे जावी लागली. १९४६ च्या २१ डिसेंबरला, पहाटे सव्वाचारला, पुन्हा भूकंप झाला. अर्ध्या तासाच्या सुमारास चार मीटर उंचीची लाट आली. बांधाबाहेरच्या सखल भागात पाणी शिरले आणि तिथे माणसे दगावली. पण बांधाच्या आतले बहुतेक गाव वाचले.

आम्ही बांधावर गेलो ती सकाळ स्वच्छ होती. पाइनची झाडे आता चांगली जाडजूड झाली आहेत. बांधाच्या पुढे, समुद्रालगत, पंधराव्या शतकातली एक दगडी भिंत आहे, तिच्यामागे हा मातीचा बांध. मध्ये एक दगडी स्मारक आहे. १९३३ साली गावकऱ्यांनी कृतज्ञता म्हणून ते उभारले. त्याच्यापुढे हाचिमान देवळाचे पुजारी पांढऱ्या वस्त्रांत उभे होते. ना ढोल, ना फटाके, ना खाण्याची दुकाने. पूजा झाली. मग शाळेतील मुले-मुली रांगेने आली, आणि प्रत्येकाने थोडी थोडी माती आणून बांधावर घातली. झाला उत्सव!

हा उत्सव १९०३ सालापासून दर वर्षी होतो. त्या संकटाला पन्नास वर्षे भरत आली होती, जुनी माणसे एकेक करून जात होती. तेव्हा गावाने ठरवले की दर वर्षी एक दिवस सर्वांनी मिळून बांधावर माती घालायची. पावसाने बांध झिजतो, तशी आठवणही झिजते. दोन्हींची डागडुजी एकाच टोपलीत!

माझ्या शेजारी एक वृद्ध बाई उभ्या होत्या. कमरेत वाकलेल्या, पण चेहरा हसरा. लेकीने मध्ये दुभाषीपण केले. त्या म्हणाल्या, "मी शाळेत असताना माती घातली, माझ्या मुलीने घातली, आणि ती पाहा, तिसऱ्या रांगेत माझी पणती आहे." १९४६ च्या त्या पहाटे त्या सहा वर्षांच्या होत्या. आईने पाठीवर घेऊन अंधारातून देवळापर्यंत नेले होते. मी विचारले, "अंधारात वाट कशी सापडली?" बाईंना माझ्या प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले. त्या म्हणाल्या, "वाट सगळ्यांनाच ठाऊक होती."

मैत्रिणींनो, ते वाक्य ऐकले आणि माझे पुढे कशात लक्ष लागेना. त्यानंतर आम्ही गोऱ्योंच्या घरी केलेले संग्रहालय पाहिले. २००७ साली उघडलेले ते संग्रहालय छान आहे. हाचिमान देवळाच्या पायऱ्या चढून गेलो. तिथे शरद ऋतूत जुने शेतीचे नृत्य होते म्हणे, आणि ऑक्टोबरमध्ये गावकरी मशाली घेऊन गावातून देवळापर्यंत मिरवत जातात आणि पेंढ्याची गंजी पेटवतात. खरे पाहिले तर तीही नुसती मिरवणूक नव्हे. संकटात ज्या वाटेने पळायचे, तीच वाट गाव दर वर्षी मजेत चालते. लहान मुलांच्या पायांनाही ती वाट पाठ होते. मी सारे पाहत होते, पण मनात मात्र आपले चिपळूण येत होते.

तुम्ही म्हणाल, कुठे जपानची त्सुनामी आणि कुठे आपण? तशी त्सुनामी आपल्या किनाऱ्यालाही अगदीच परकी नाही बरे का. २००४ च्या २६ डिसेंबरला तमिळनाडूत आणि अंदमानात काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. १९४५ च्या २८ नोव्हेंबरला मकरानच्या किनाऱ्यापाशी भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि वर्सोव्याला व हाजी अलीजवळ माणसे वाहून गेली. किती जणींना हे माहीत होते? मलाही नव्हते. पण माझ्या मनात त्सुनामी नव्हती. माझ्या मनात होती ती २२ जुलै २०२१ ची पहाट.

त्या पहाटेचे वर्णन मी तुम्हाला काय करू? तुम्ही सगळ्या तिथेच होतात. २००५ चा पूर पाहिलेली आपण माणसे. पाणी येईल तर अंगणापर्यंत येईल, अशी खात्री बाळगून झोपलो. आमच्या खाली एक आजी एकट्याच राहत. पाणी पायरीशी आले तेव्हा दिवे गेलेले, फोन बंद. आम्ही आमचे तांदूळ, गाद्या, कागदपत्रे वर चढवण्यात गुंतलो होतो. आणि भगिनींनो, हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते, आजींची आठवण मला पुष्कळ वेळाने झाली. पलीकडच्या वहिनींचा मुलगा कमरेइतक्या पाण्यातून येऊन त्यांना खांद्यावर घेऊन आला, म्हणून त्या वाचल्या. मी त्यांच्या डोक्यावरच राहत होते, पण माझ्या हातून ते झाले नाही. आजी पुढे दोन वर्षांनी आपल्या मरणाने गेल्या, शेवटपर्यंत मला "बाळ" म्हणत राहिल्या. ती बोच माझ्या मनातून जात नाही.

पूर ओसरल्यावर आपण मंडळात केवढ्या तावातावाने बोललो होतो, आठवते ना? आपली हार्मोनियम, कपाट, जुनी इतिवृत्ते सारी चिखलात गेली होती. त्याच चिखलात उभे राहून आपण ठरवले की वही करायची. कोणत्या घरात एकटे म्हातारे माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कोणाला उठता येत नाही, कोणाचा वरचा मजला उघडा मिळेल, कोणी कोणाचे दार वाजवायचे. वही केलीही. परत आल्यावर मी ती चिटणीसबाईंकडून मागून घेतली. तिची साडेतीन पाने भरलेली आहेत. त्यांतली चार माणसे आता नाहीत, दोन बिऱ्हाडे गाव सोडून गेली आणि नव्या आलेल्यांची नावेच नाहीत. यात दोष कुणा एकीचा नाही. सर्वांत आधी माझा आहे, कारण ती वही करण्याची सूचना माझी होती.

आपण वाईट आहोत म्हणून हे झाले नाही. पूर ताजा असतो तेव्हा सर्वांच्याच अंगात वारे असते. त्या हिरो गावातही तसेच झाले असणार. फरक इतकाच की त्यांनी विसरण्यावर आधीच उपाय योजून ठेवला. कुणाला आठवेल, मग करू, असे ठेवले नाही. तारीख ठरवली आणि प्रत्येकाच्या हातात टोपली दिली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ५ नोव्हेंबर हा जगाचा त्सुनामी-जागृती दिवस ठरवला, तो याच गावावरून. जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे गंज्या पेटवल्या ती तिथी अकराव्या महिन्यातली पाचवी. एका खेडेगावाने शंभरावर वर्षे नेमाने माती घातली, म्हणून जगाला ती तारीख सुचली.

तेव्हा माझी आपल्या मंडळापुढे एक लहानशी सूचना आहे. भाषणाच्या शेवटी टाळ्या नकोत. आपण हळदीकुंकवाला घरोघर जातोच. दर वर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दोघीदोघींनी आपापल्या आळीत तासभर फिरावे आणि वहीतली नावे ताजी करावीत. गेलेल्यांची खोडावी, नव्यांची घालावी, आणि कोण कोणाचे दार वाजवणार ते त्या घरच्या मुलांसमक्ष ठरवावे. शाळेतल्या मुलींनाही बरोबर न्यावे, म्हणजे आपल्यामागे त्यांना वाट ठाऊक राहील. एवढ्यासाठी पैसा नको, परवानगी नको. एक वही, एक पेन आणि एक तास. हीच आपली टोपलीभर माती.

वही मी इथे टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या आळीची नावे मी काल पुन्हा लिहून आणली आहेत. चहा घ्यायला उठाल तेव्हा आपापल्या आळीसमोर आपले नाव लिहून जा.